तावडे हॉटेलच्या फाट्यावरून आयर्न मेडनला: तीन शो, तीन प्रवास

फौंड्री_पाळी

आयर्न मेडन हा इंग्लंडचा हेवी मेटल बँड. कोल्हापुरात ते कधी आले नाहीत. पण आपलं गाव हायवेवर आहे. एका अंगाला मुंबई पावणेचारशे किलोमीटर, दुसऱ्या अंगाला बेंगळुरू सहाशे. मेडन भारतात तीनदा वाजवून गेले आणि तिन्ही वेळा याच रस्त्याच्या कुठल्या तरी टोकाला. १७ मार्च २००७ बेंगळुरू, १ फेब्रुवारी २००८ मुंबई, १५ फेब्रुवारी २००९ पुन्हा बेंगळुरू. तिन्हीला मी होतो.

आज लिहायला बसलोय त्याला कारण आहे. त्यांचा ड्रमर निको मॅकब्रेन ७ डिसेंबर २०२४ ला ब्राझीलमध्ये साओ पावलोला शेवटचा शो वाजवून दौऱ्यांतून बाहेर पडला. २०२३ च्या जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला होता, त्यातून उठून तो दोन वर्षं वाजवत राहिला. त्याच्या जागी आता सायमन डॉसन बसतो. म्हणजे मी बघितले ते सहा जण तसेच्या तसे आता मंचावर दिसणार नाहीत. डोळ्यापुढं आहे तोवर लिहून ठेवतो.

सुरुवात कॅसेटपासून. १९९६ ला पॉलिटेक्निकला होतो. होस्टेलवर पुण्याच्या एका पोरानं ९० मिनिटांच्या कोऱ्या टेपवर १९८४ चा 'पॉवरस्लेव्ह' भरून दिला. अल्बम ५१ मिनिटांचा आणि टेपची एक बाजू ४५ ची. दुसऱ्या बाजूला त्यानं दुसरंच काहीतरी भरलं होतं. त्यामुळं शेवटचं तेरा मिनिटांचं गाणं माझ्याकडं अर्धंच. मधे ते गाणं एकदम शांत होतं. जहाजाचं लाकूड कुरकुरल्यासारखा आवाज, कुणीतरी खालच्या आवाजात बोलतंय, मग बेस गिटार हळूहळू परत उठायला लागते आणि खट्. टेप संपली. कितीतरी वर्षं माझ्यासाठी ते गाणं तिथंच संपायचं.

सुट्टीत ती टेप घेऊन आजोळी गेलो, पन्हाळ्याच्या पायथ्याला. मामा हलगी वाजवतात. कुस्तीचं मैदान असो, जोतिबाची यात्रा असो, मामांना बोलावणं असतंच. संध्याकाळी जेवताना मी टेप लावली. मामा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं बघतो तर जेवता जेवता डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर चालू झालेली. एक लांब, दोन आखूड. एक लांब, दोन आखूड. मेडनचा बेस वाजवणारा स्टीव्ह हॅरिस, त्याच्या बेसची ती चाल, घोडा उधळल्यासारखी. गाणं संपलं तसं मामांनी एकच विचारलं, "ह्यो बोटानं वाजिवतोय का काडीनं?"

मला सांगता आलं नाही. टेपवर काय दिसणार? कव्हरसुद्धा नव्हतं माझ्याकडं, पेनानं लिहिलेलं नाव तेवढं.

त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला अकरा वर्षं लागली.

२००७ ला मी शिरोलीत फौंड्रीत लागलो होतो. शनिवारचा शो. शुक्रवारची पहिली पाळी करून रात्री तावडे हॉटेलच्या फाट्यावर उभा राहिलो. तालमीतला एक मित्र बरोबर. त्याला मेटलचं फार काही नव्हतं, पण एवढ्या लांब एकट्याला सोडायचं नाही म्हणून आला. सकाळी यशवंतपूरला उतरलो आणि दुपारी बाराला पॅलेस ग्राउंड्सच्या गेटबाहेर. काळे टी-शर्ट एवढ्या संख्येनं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले. तोवर मला खरंच वाटायचं की हे ऐकणारे महाराष्ट्र-कर्नाटकात मिळून पन्नासएक असतील.

आधी हॅरिसची मुलगी लॉरेन गाऊन गेली. दिल्लीचे परिक्रमा वाजवून गेले, त्यांचं व्हायोलिन मला फार आवडलं. मग अंधार झाला. आम्ही कठड्यापासून तिसऱ्या-चौथ्या रांगेत होतो. हॅरिसची एक सवय आहे, एक पाय पुढच्या स्पीकरवर टाकतो आणि बेसचा दांडा लोकांवर रोखतो. तो आमच्या बाजूला आला, पाय टाकला, आणि मी त्याचा उजवा हात बघितला.

बोटं. पट्टी नाही, काडी नाही. उघडी बोटं, आणि इतकी जोरात की तार दांड्यावर आपटल्याचा टणत्कार वेगळा कळत होता. त्या क्षणी मला गाणं ऐकूच येईना. मी नुसता तो हात बघत होतो.

परतीच्या बसला दोघांनाही गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा खिडकीतून पेठ नाका दिसला. कोल्हापूर कधीच मागं गेलेलं. तिथून एसटीनं उलटं आलो आणि दुसऱ्या पाळीला थेट कामावर. कानात दोन दिवस शिट्टी होती. पुढच्या रविवारी आजोळी गेलो, मामा गोठ्यात होते. म्हटलं, "मामा, बोटानं वाजवतोय." मामांनी वैरण खाली ठेवली. "कंच्या बोटानं?"

मुंबईचं उद्या लिहितो, रात्रपाळी आहे.

दसरा_चौक

नाद खुळा भावा! मी तेव्हा अकरावीत होतो, घरी विचारायचीसुद्धा हिंमत झाली नाही. क्लासमधल्या एका पोराच्या मोठ्या भावानं तिथून टी-शर्ट आणला होता, तो आम्ही आळीपाळीनं एकेक दिवस घातला. तिकीट कसं काढलं होतंत ते सांगा ना. तेव्हा कोल्हापुरात बसून असलं काही मिळायचं का?

फौंड्री_पाळी

बेंगळुरूत कॉलेजचा एक दोस्त नोकरीला होता. त्याला मनीऑर्डर केली, त्यानं काउंटरवरून काढून ठेवलं. तिकीट हातात पडलं ते गेटवरच.

मिरज_तंतू

आपलं लिखाण मनापासून आवडलं, विशेषतः मामांचा प्रश्न. आमच्या घरात तीन पिढ्या सतार-तंबोरे बनवतात. त्यामुळं वाद्य कुठल्या हातानं, कुठल्या तारेवर वाजतंय, हा प्रश्न आमच्याकडं पहिला येतो.

पण एक मनापासून विचारतो, राग मानू नका. दरवर्षी दर्ग्यावर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत जे गाणं होतं, तिथं मी लहानपणापासून बसतोय. तिथं तोच राग दोन वर्षं लागोपाठ ऐकला तरी दोन वेगळी गाणी ऐकल्यासारखं होतं. गाणाऱ्यालाही कुठं जाणार ते आधी माहीत नसतं. तुमच्या या बँडची गाणी मात्र रेकॉर्डवर आहेत तशीच वाजतात, असं मी समजतो. क्रमही ठरलेला. मग एकदा पाहून मन भरलं नाही का? दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा काय ऐकायला गेलात?

साऊंड_राजारामपुरी

मिरजकरांनी मुद्द्याचं विचारलंय. फौंड्रीवाले लिहितीलच, मी माझ्या धंद्यातलं सांगतो. वीस वर्षं साऊंड लावतोय, गणपतीपासून ऑर्केस्ट्रापर्यंत.

मैदानात एक गाणं वाजत नसतं. जिथं उभे आहात तिथलं गाणं वाजत असतं. कठड्याला उभं राहिलं की छातीवर येतो तो जमिनीवरच्या मोठ्या बेस स्पीकरचा दणका, आणि मंचावरच्या ड्रमचा आणि अँपचा सरळ आवाज. वर टांगलेल्या स्पीकरच्या रांगा लांबच्या लोकांकडं रोखलेल्या असतात, त्यामुळं गायकाचे शब्द पुढच्यांच्या डोक्यावरून जातात. मधोमध, जिथं मिक्सरवाला बसतो, तिथं सगळं सारखं ऐकू येतं, कारण तो त्याच्या कानाला लागेल तसंच लावणार ना. त्याच्या मागं शंभर-दीडशे फूट गेलं की वाऱ्यावर असतं. वारा फिरला की गिटारची धार पण फिरते. मोठ्या मैदानात मधे वेगळे टॉवर उभे करून त्यांचा आवाज मुद्दाम काही मिलिसेकंद उशिरा सोडावा लागतो, नाहीतर मंचाचा आणि टॉवरचा आवाज मागच्याला दोनदा ऐकू येतो. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास चालतो, म्हणजे शंभर मीटरवरच्या माणसाला ड्रमची काडी आधी पडलेली दिसते आणि ठोका नंतर येतो.

तर तीनदा गेलेला माणूस कुठं कुठं उभा होता, हे आधी विचारा.

फौंड्री_पाळी

साऊंडवाले भाऊ, तुम्ही माझं अर्धं उत्तर देऊन टाकलंत. पहिल्यांदा पुढं होतो, दुसऱ्यांदा मिक्सरच्या डाव्या अंगाला, तिसऱ्यांदा पार मागं. हे ठरवून केलं नव्हतं. दुसऱ्या वेळी ट्रेनमुळं उशीर झाला म्हणून मागं राहिलो आणि तिथं कळलं की मेडनमध्ये तीन गिटार आहेत ते मी बेंगळुरूत ऐकलंच नव्हतं! मरे, स्मिथ आणि गर्स. दोघं मिळून एकच सूर दोन पट्ट्यांत वाजवतात आणि तिसरा खाली टेका देतो. सनईच्या जोडीत एक धून धरतो आणि दुसरा सूर धरून ठेवतो ना, मला ते आठवलं. पुढं उभा होतो तेव्हा हा सगळा भाग डोक्यावरून गेला होता.

आता मुंबई. तो त्यांच्या जागतिक दौऱ्याचा पहिलाच शो होता. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक. बँड, माणसं, सामान सगळं एका बोइंग ७५७ मध्ये भरून हाच विमान चालवत घेऊन आला. विमानाचं नाव एड फोर्स वन, शेपटीवर एडीचं, म्हणजे बँडच्या त्या भुतासारख्या बाहुल्याचं, चित्र. वांद्रे-कुर्ला संकुलात शो. महालक्ष्मीनं सकाळी दादरला उतरायचं ठरवलं होतं, ट्रेन तीन तास रखडली. तालमीतला मित्र याही वेळी होता. आता त्याला गाणी पाठ झाली होती.

हा दौरा ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा होता. मंचावर इजिप्तची देवळं, सगळा 'पॉवरस्लेव्ह'चा थाट. माझ्या टेपला कव्हर नव्हतं हे सांगितलंय ना? ते कव्हर त्या दिवशी पन्नास फूट उंच माझ्यासमोर उभं होतं.

आणि ते तेरा मिनिटांचं गाणं त्यांनी पूर्ण वाजवलं. 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर.' कोलरिज या इंग्रज कवीच्या १७९८ च्या कवितेवर हॅरिसनं लिहिलेलं. एक खलाशी विनाकारण एका पक्ष्याला मारतो आणि पुढं सगळं जहाज त्याची किंमत मोजतं. मधे तो शांत भाग आला. मंचावर धूर, निळसर उजेड, लाकडाची कुरकुर. हजारो माणसं गप्प झाली. मुंबईत, फेब्रुवारीच्या रात्री, लांबून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते एवढी शांतता. बेस हळूहळू उठायला लागला आणि माझा श्वास अडकला.

तोवर मी एमपीथ्रीवर ते गाणं पूर्ण ऐकलेलं होतं. पुढं काय आहे ते मला माहीत होतं. तरी अंग त्या 'खट्'ची वाट बघत होतं. ज्या जागी टेप संपायची ती जागा आली, आणि संपलं नाही. ड्रम आले, तिन्ही गिटार आल्या, डिकिन्सननं ती लांब किंकाळी मारली आणि गाणं पुढं गेलं. मी रडलो. मित्रानं विचारलं नाही काय झालं, खांद्यावर हात तेवढा ठेवला.

मिरजकर दादा, गाणं तेच होतं, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. त्यांनी एक सूर इकडचा तिकडं केला नाही. करायला नकोच होता. मला ते तसंच्या तसं, फक्त न तुटता हवं होतं.

मिरज_तंतू

वाचून थोडा वेळ बसून राहिलो. उत्तर मिळालं.

आमच्याकडं जुनं गिऱ्हाईक कधी कधी वीस वर्षांनी तंबोरा जवारीला घेऊन येतं. घोडीवर घासून तार पुन्हा बोलायला लागली की म्हणतात, हाच, हाच तो आवाज. नवा आवाज त्यांना नकोच असतो. मी त्यांना समजत होतो आणि तुम्हाला समजलो नाही, हे माझं चुकलं.

आता धंद्यातला प्रश्न. हा माणूस बोटानं वाजवून टणत्कार काढतो, तर तार कुठली लावतो? आमच्या अनुभवानं असा आवाज खरबरीत गुंडाळीच्या तारेचा असायला हवा.

फौंड्री_पाळी

तिथंच गंमत आहे! उलट आहे. हॅरिस फ्लॅटवाउंड वापरतो, रोटोसाउंडच्या, म्हणजे पट्टीसारख्या चपट्या गुंडाळीच्या गुळगुळीत तारा. बेस फेंडरचा प्रिसिजन, त्यावर त्याच्या आवडत्या वेस्ट हॅम फुटबॉल क्लबचं चिन्ह. या तारा साधारणपणे मऊ, गोल आवाजासाठी लोक घेतात. हा इतक्या जोरात ओढतो की मऊ तार कडाडते. म्हणजे आवाज तारेत नाही, बोटात आहे.

गौरी_मंगळवार

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी २००९ ला होते, पॅलेस ग्राउंड्सला. मिरजेतून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं गेलो, मी आणि दादा. त्याच्याशिवाय आईनं सोडलंच नसतं. २००८ ला मुंबईचं विचारलं होतं तेव्हा "मुलीच्या जातीला" वगैरे ऐकून गप्प बसले होते. तो नकार मला पुरता वर्षभर डाचला. मित्र जाऊन आले, त्यांच्या फोनवरचे ते किर्र आवाजातले व्हिडिओ बघत बसायचे.

गर्दीचं मला भय वाटत होतं ते खोटं नाही सांगत. पण माझ्या डाव्या हाताला हैदराबादची चार पोरं होती, त्यांनी स्वतःहून हात धरून आमच्याभोवती कडं केलं. दोन तास ते कडं तुटू दिलं नाही. बोलणं काहीच झालं नाही, मराठी-तेलुगू कुठं जुळणार! 'फिअर ऑफ द डार्क'ला सुरुवातीची गिटारची धून असते, तिला शब्दच नाहीत. सगळं मैदान नुसतं ओ-ओ करून ती धून गातं. ते आम्ही सगळे एकत्र गायलो. आरतीला एखाद्याला शब्द येत नसले तरी तो टाळ्यांवर सूर धरतो ना, अगदी तसं.

निकोला मी जवळजवळ बघितलंच नाही, एवढ्या मोठ्या ड्रमच्या ढिगात माणूस दिसतच नाही. शेवटी तो पुढं येऊन काड्या फेकायला लागला तेव्हा कळलं, अनवाणी होता! एवढं सगळं अनवाणी, तेही पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या एकाच पेडलवर. दोन पेडल वापरणारे ढीगभर असतात.

फौंड्रीदादा, तुम्ही त्या दिवशी मागं होतात म्हणालात. मागून कसं होतं?

फौंड्री_पाळी

गौरीताई, बरं झालं लिहिलंत. तुमच्या घरचा तो नकार वाचून वाईट वाटलं. माझी पोरगी आता सातवीला आहे. तिला असं काही ऐकावं लागणार नाही.

मागं होतो कारण त्या वेळी एकटा होतो. मित्राचं लग्न ठरलं होतं, त्याच रविवारी साखरपुडा. त्याला वाईट वाटत होतं आणि मलाही. बस हावेरीजवळ तीन तास बंद पडली, पोचेपर्यंत मैदान भरलेलं. मागं एका झाडाला टेकून उभा राहिलो. साऊंडवाले म्हणतात तसंच झालं. वारा आला की गिटार जवळ यायची, वारा पडला की लांब. निकोचा हात खाली आलेला दिसायचा आणि ठोका मागून यायचा. कधी नव्हे ते मला पूर्ण मैदान दिसलं. त्या धुनीला जे हात वर गेले ते मी मागून बघितले, पुढून मागं लाट यावी तसे, कारण पुढच्यांना आवाज आधी आणि मागच्यांना नंतर. त्या वेळी कारण माहीत नव्हतं. आज या धाग्यावर कळलं.

मी फोन काढला आणि मित्राला लावला. साखरपुड्याच्या घरात गोंधळ चालू होता, तरी त्यानं उचलला. मी काही न बोलता फोन वर धरून उभा राहिलो. गाणं संपल्यावर कानाला लावला तर तो अजून होता.

२००९ नंतर मी त्यांना बघितलेलं नाही. २०११ ला मेटालिका बेंगळुरूला आले, ३० ऑक्टोबर. गेलो, आवडलं, पण त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडं नाही.

दसरा_चौक

मामा आता कसे आहेत? ते राहिलंच.

फौंड्री_पाळी

मामा छान आहेत. शहात्तर पूर्ण. मैदानाला आता जात नाहीत, हात थरथरतो म्हणतात, पण घरी हलगी भिंतीला असते आणि श्रावणात एकदा तरी काढतात. "कंच्या बोटानं" याचं उत्तर मी त्यांना मुंबईहून आल्यावर दिलं. मिक्सरजवळून मोठ्या पडद्यावर नीट दिसलं होतं. पहिली दोन बोटं, आलटून पालटून. मामांनी तिथल्या तिथं मांडीवर करून बघितलं. म्हणाले, "दोन काड्यांचं काम दोन बोटांत करतोय. दमत असंल गडी."

साऊंड_राजारामपुरी

भावा, माझ्याकडं दोन चांगले टॉप आणि एक बेस स्पीकर गोडाउनला मोकळे आहेत. मामांनी ते अजून टेपरेकॉर्डरच्या चार इंची स्पीकरवरच ऐकलं असणार. गावात मोकळी जागा आहे का? आवाज बेतानं ठेवू, दहाच्या आत बंद.

मिरज_तंतू

ठरलं तर मला जरूर कळवा. हलगी जवळून पाहायची आहे. कातडं आणि कडं यांचा ताण कसा धरतात ते मला समजून घ्यायचंय.

गौरी_मंगळवार

मी आणि दादा दोघंही येऊ.

फौंड्री_पाळी

मामांशी आत्ताच बोललो. येत्या रविवारी संध्याकाळी सहा, मामांच्या खळ्यावर. लांबून येणाऱ्यांनी तावडे हॉटेलच्या फाट्यावर साडेचारला थांबा, मी आणि तालमीतला मित्र दोन गाड्या घेऊन येतो. तो 'पॉवरस्लेव्ह'ची सीडी आणणार आहे, पूर्ण ५१ मिनिटं. माझी टेप पण आणतो, अजून चालते.

साऊंडवाले भाऊ, वायर थोडी लांब आणा, खळ्यापासून घरातला बोर्ड लांब आहे. मामांनी विचारलंय, हलगी शेकायला जाळ करायचाय तर स्पीकरला धग लागणार नाही ना?

साऊंड_राजारामपुरी

दहा फूट लांब करा म्हणावं. आणि हलगीला माईक लावणार नाही, तिची गरज नाही.